इंजिन बंद, पण दाब कायम
जुन्या पेट्रोल गाडीचा पाइप सोडण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने वाचावे असे थोडे



या पानावर आपण नेहमी बेणे, खते, खोडवा आणि पाचट यांविषयी बोलतो. या खेपेस विषय जरा वेगळा आहे. उसाच्या माणसाने मोटारगाडीवर लिहावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण गेल्या हंगामात माझ्या डोळ्यांदेखत जो प्रसंग घडला, तो आपल्यापैकी कुणाच्याही वस्तीवर घडू शकतो. म्हणून लागवडीचा लेख पुढच्या अंकासाठी ठेवून हे लिहीत आहे.

माझ्याकडे एक जुनी ओम्नी आहे. गटातल्या फेऱ्यांना ती बरी पडते. मागे बेण्याचे नमुनेही टाकता येतात आणि चिटबॉयही बसतो. डिसेंबरातली गोष्ट. सकाळी दहाचा सुमार. एका सभासदांच्या फडावर तोडीची पाहणी करायला निघालो होतो. वाटेत गाडी आचके द्यायला लागली आणि फडाच्या बांधाला लागून बंदच पडली. शेजारी तोडणी टोळीच्या कोप्या होत्या. सभासदांनी फोन करून गावातल्या मिस्त्रींना बोलावले. माणूस हाताचा चांगला. ट्रॅक्टर, इंजिने, जुन्या गाड्या यांत त्याचे तीस वर्षे आयुष्य गेलेले. तो म्हणाला, "साहेब, पेट्रोल येत नसंल. पाइप काढून बघू."

ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते हे आपल्याला माहीत आहेच. मिस्त्रींनी सीट उचलली, इंजिनकडे जाणाऱ्या पाइपाची क्लिप ढिली केली आणि पाइप हिसडला. त्याबरोबर पेट्रोलची चिळकांडी उडाली. निम्मी मिस्त्रींच्या तोंडावर आणि शर्टावर, निम्मी गरम सायलेन्सरच्या पाइपावर. पांढरा वाफारा उठला. पंधरा-वीस पावलांवर कोपीपुढे चूल पेटलेली होती आणि एक बाई भाकरी थापत होती. तिने आमच्याकडे एकदा पाहिले, कुणाला न विचारता शेजारची पाण्याची घागर उचलली आणि स्वतःच्या चुलीवर ओतली. तव्यावरच्या भाकरीचे काय होईल याचा विचार तिने केला नाही. मग पोरांना ओढत लांब घेऊन गेली.

जाळ झाला नाही. तो का झाला नाही याचे श्रेय आमच्यापैकी कुणालाही नाही. मिस्त्रींचे डोळे पाण्याने धुऊन त्यांना दवाखान्यात नेले. आठ दिवस त्यांना उजेड सहन होत नव्हता. आता ते ठणठणीत आहेत.

संध्याकाळी मी त्या बाईंना भेटायला परत गेलो. त्यांनी एकच गोष्ट विचारली. "सायेब, गाडी बंद पडली हुती म्हणता, मग पेट्रोल उडालं कसं?"

मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. शेतकीची पदविका घेतलेला माणूस, पण या प्रश्नापुढे गप्प बसलो. नंतर शहरातल्या एका जाणत्या मेकॅनिककडे दोन रविवार बसलो, गाडीच्या दुरुस्तीचे पुस्तक वाचून घेतले आणि जे समजले ते येथे मांडत आहे.

फवारणी पंपाचे उदाहरण

आपल्यापैकी ज्यांनी एचटीपी पंपाने फवारणी केली आहे त्यांना हे लगेच पटेल. इंजिन बंद केले तरी नळीत दाब असतो. गनचा खटका दाबला की औषध जोरात उडते. म्हणून नळी सोडण्याआधी आपण खटका दाबून दाब मोकळा करतो. ठिबकच्या फिल्टरचे झाकणही आपण मोटर बंद करून, दाब उतरल्यावरच उघडतो. ज्याने घाई केली त्याला झाकणाचा फटका बसलेला असतो.

इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत हेच घडते. फरक इतकाच, की आत पाणी नसून पेट्रोल असते.

जुन्या काळी गाडीला कार्बोरेटर असायचा. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा तिलाही कार्बोरेटरच होता. त्यात पेट्रोल पुढे ढकलणारा पंप इंजिनवर चालतो आणि त्याचा दाब अगदी थोडा, पाव किलोच्या आसपास असतो. पाइप काढला तर पेट्रोल थेंबथेंब गळते, उडत नाही. 'पाइप काढून सेल्फ मारा आणि पेट्रोल येते का बघा' ही मिस्त्रींची रीत त्याच काळात पडली आणि तेव्हा ती खपूनही गेली.

पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि २००० सालच्या सुमारास या छोट्या गाड्यांतही इंजेक्शन आले. गाडीच्या मागे 'एमपीएफआय' अशी अक्षरे दिसतात ती हीच गाडी. यात विजेचा पंप पेट्रोलच्या टाकीतच बुडालेला असतो. तो इंजिनपर्यंतच्या पाइपात पावणेतीन ते तीन किलोचा दाब धरून ठेवतो. पौंडात सांगायचे तर ४० च्या आसपास. म्हणजे कारच्या चाकात आपण हवा भरतो त्याहूनही जास्त.

आता मुख्य मुद्दा. चावी बंद केली की पंप थांबतो, पण दाब जात नाही. पंपात एक उलट-झडप असते. ती पेट्रोलला टाकीत परत जाऊ देत नाही. विहिरीच्या मोटरीला फूटव्हॉल्व्ह असतो ना, तसेच. हे मुद्दाम केलेले असते, कारण पाइपात दाब राहिला तर पुढच्या वेळी गाडी पटकन सुरू होते आणि उन्हात पाइपात पेट्रोलची वाफ धरत नाही. झडप चांगली असेल तर हा दाब तासन्‌तास टिकतो. 'गाडी बंद पडून अर्धा तास झाला, आता काय होतंय' हे म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे.

त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच. इंजिन बंद होते, दाब बंद नव्हता.

पेट्रोल आणि डिझेल एका मापात मोजू नका

ट्रॅक्टरची हवा काढताना आपण नट ढिले करतो, डिझेल हातावर येते, आपण फडक्याला पुसतो. त्या सवयीने पेट्रोलकडे पाहू नये. डिझेल साध्या हवेत सहसा काडीने पेटत नाही. पेट्रोल मात्र शून्याच्या खाली चाळीस अंश थंडीतही पेट घेईल इतकी वाफ सोडते. आपल्या डिसेंबरातल्या पहाटेची थंडी म्हणजे पेट्रोलला कडक ऊनच. शिवाय ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते, खड्ड्यात, पाटात, पाचटात साचते. चूल वीस पावलांवर आहे म्हणून आपण निर्धास्त राहू नये.

दाब उतरवण्याची रीत

खाली दिलेली रीत जुन्या मारुती ८००, ओम्नी, झेन, एस्टीम अशा टाकीत विजेचा पंप असलेल्या पेट्रोल इंजेक्शन गाड्यांना लागू पडते. इतर गाड्यांत रिलेची जागा वेगळी असते, पण तत्त्व तेच. पंपाचा वीजपुरवठा तोडायचा आणि पाइपात अडकलेले पेट्रोल इंजिनलाच पिऊ द्यायचे.

१. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. सायलेन्सरच्या पाइपाला हात लावता आला पाहिजे. गरम पाइपावर पेट्रोल पडण्याचा धोका आहेच. शिवाय सायलेन्सरच्या वाटेत धूर शुद्ध करणारे एक महागडे भांडे असते. ते तापलेले असताना ही रीत केली तर त्याला इजा पोचू शकते.

२. गाडी उघड्यावर, सपाट जागी लावा. चूल, शेकोटी, विडी-सिगारेट, वेल्डिंग यांपासून लांब. विहिरीच्या स्टार्टर पेटीजवळ तर मुळीच नको. ऑटो टाकलेला असतो, लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते आणि पेटीत ठिणगी पडते. त्या वेळी तिथे कुणी काही केलेले नसते, हेच त्यातले वाईट.

३. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा.

४. फ्यूजपेटी उघडा. झाकणावरच्या किंवा पुस्तकातल्या चित्रावरून पेट्रोल पंपाचा रिले शोधा आणि चावी बंद असताना तो काढून घ्या.

५. टाकीचे झाकण उघडून आतली वाफ मोकळी होऊ द्या आणि झाकण परत लावा.

६. आता गाडी सुरू करा. पाइपातल्या पेट्रोलवर ती थोडा वेळ चालेल, मग अडखळेल आणि आपोआप बंद पडेल. त्यानंतर दोन-तीन वेळा, प्रत्येकी तीन सेकंद, सेल्फ मारा. उरलासुरला दाब निघून जाईल.

७. चावी काढून खिशात ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. हे पाइप सोडण्याआधी करायचे. पेट्रोल सांडल्यावर बॅटरीला हात लावला तर तिथलीच ठिणगी पुरे होते.

८. डोळ्यांना चष्मा लावा. सांध्याखाली पत्र्याचा डबा ठेवा. सांध्याभोवती जाड सुती फडके गुंडाळा आणि मगच क्लिप किंवा बोल्ट सावकाश ढिला करा. दाब गेला तरी पाइपात थोडे पेट्रोल असतेच. ते डब्यात पडू द्या.

सहाव्या पायरीला नीट लक्ष द्या. खरी परीक्षा तिथे आहे. चुकीचा रिले काढला असेल तर गाडीच आपल्याला सांगते. रिले काढूनही ती खुशाल चालत राहिली, तर तो पंपाचा रिले नव्हे. ती सुरूच झाली नाही किंवा झटक्यात बंद पडली, तर तुम्ही मुख्य रिले काढला आहे आणि पाइपात दाब जसाच्या तसा आहे. थोडी चालून, धाप लागल्यासारखी अडखळून बंद पडली, तरच काम बरोबर झाले असे समजावे.

ज्यांनी गाडीला गॅसचे किट बसवले आहे त्यांनी आणखी जपावे. स्विच गॅसवर असेल तर गाडी गॅसवर चालत राहील आणि पेट्रोलच्या पाइपातला दाब तसाच राहील. आधी स्विच पेट्रोलवर घ्या, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, मग वरची रीत करा.

आणि गाडी मुळातच सुरू होत नसेल तर? माझ्या ओम्नीचे तेच झाले होते. अशा वेळी दाब उतरला आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. म्हणून दाब आहे असेच समजून चालावे. रस्त्यात, फडात पाइप सोडू नये. गाडी ओढून, दाब मोजायचे घड्याळ ज्याच्याकडे आहे अशा मिस्त्रीकडे न्यावी. ओढणावळीचे पैसे जातात, पण डोळे राहतात.

काम झाल्यावर

पाइप जोडताना जुनीच चिरलेली नळी तारेने आवळून बसवू नये. पेट्रोलला ठिबकची नळी, घरच्या गॅसची नळी असले काहीही चालत नाही. इंजेक्शनच्या दाबाची म्हणून मिळते तीच नळी आणि तिचीच क्लिप घ्यावी. बोल्टच्या सांध्याला तांब्याचे वायसर असतील तर तेही नवे. फिल्टरवर बाण असतो, तो इंजिनच्या दिशेने हवा.

सांडलेले पेट्रोल पुसून, वारा लागून वास गेल्यावर रिले बसवा आणि बॅटरी जोडा. मग लगेच सेल्फ मारू नका. चावी फक्त चालू करा, तीन सेकंद थांबा, बंद करा. असे तीन-चार वेळा. दर वेळी पंप थोडा वेळ चालून पाइपात दाब भरतो. आता प्रत्येक सांधा बोट फिरवून पाहा. कोरडा असेल तरच गाडी सुरू करा. काढलेली फडकी घरात किंवा पाचटाच्या ढिगाजवळ टाकू नका. उघड्यावर लांब वाळू द्या.

काय करू नये

उजेडासाठी तारेला लोंबता काचेचा बल्ब वापरू नये. तापलेल्या काचेवर पेट्रोल पडले की बल्ब फुटतो आणि तीच काडी ठरते. बॅटरीचा टॉर्च वापरावा. बंद गॅरेजमधल्या खड्ड्यात उतरून हे काम करू नये. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढू नये. ही सवय आपल्याकडे फार आहे. पेट्रोल चुकून पोटात गेले तर उलटी करवू नका. उलटीवाटे ते फुप्फुसात उतरते. सरळ दवाखाना गाठा.

डोळ्यात उडाले तर निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा आणि मग डॉक्टर. अंगावर सांडले तर कपडे तिथेच उतरवा, साबणाने अंग धुवा, तोवर चुलीजवळ जाऊ नका. पेट घेतलाच तर पेट्रोलवर पाणी मारू नये, जळते पेट्रोल पाण्यावर तरंगत पुढे पसरते. वाळू, माती किंवा कोरड्या पावडरीचे अग्निशामक वापरावे. माणसाच्या कपड्यांना आग लागली तर त्याला पळू देऊ नका. जमिनीवर पाडून लोळवा, वरून घोंगडे टाका. त्या बाईंनी पाणी ओतले ते पेट्रोलवर नाही, स्वतःच्या चुलीवर. तेच बरोबर होते.

आणखी एक सूचना. हल्लीच्या डिझेल गाड्यांत आणि नव्या ट्रॅक्टरांत 'कॉमन रेल' नावाची पद्धत आहे. तिथे दाब किलोत नव्हे, हजार-दीड हजार किलोत असतो. ती धार कातडी फोडून आत शिरते. वरची रीत तिला लागू नाही. तिथे पान्ना लावूच नये.

हे आत्ताच का?

कारण आपल्या उसाशी त्याचा संबंध आहे. मळीपासून आणि उसाच्या रसापासून होणारे इथेनॉल आज पेट्रोलमध्ये मिसळले जाते. १० टक्क्यांचे उद्दिष्ट देशाने २०२२ मध्ये गाठले. २० टक्क्यांचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचले. कारखानदारीला आणि पर्यायाने आपल्या उसाच्या दराला यामुळे आधार मिळाला, याचा आनंद आहेच.

पण मारुती ८०० बंद झाली २०१४ मध्ये आणि ओम्नी २०१९ मध्ये. या जुन्या गाड्यांची रबरी नळी, वायसर, ओ-रिंग हे २० टक्के इथेनॉल धरून बनवलेले नव्हते. रबर फुगते, ताठरते, त्याला भेगा पडतात. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागतील, असे सरकारनेही २०२५ मध्ये सांगितले आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि टाकीत तळाशी बसलेली घाणही सुटते, ती फिल्टरमध्ये अडकते. म्हणजे येत्या काळात आपल्या वस्त्यांवर फिल्टर आणि नळ्या जास्त वेळा सोडल्या जाणार. म्हणून ही रीत घरोघरी माहीत व्हायला हवी.

त्यातून आपला भाग उसाचा. हंगामात जिकडे पाहावे तिकडे वाळलेले पाचट, त्याच्याच कोप्या, कोप्यांपुढे चुली आणि आजूबाजूला खेळणारी टोळीची पोरे. आपल्या गाडीचे नुकसान आपण सोसू. दुसऱ्याच्या पोराचे कसे सोसणार?

म्हणून सभासदांना दोन गोष्टींची विनंती आहे. गाडी जुनी असेल तर तिच्या नळ्या एकदा चांगल्या मिस्त्रीकडून तपासून घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर उद्यावर टाकू नका. आणि हे पान फाडून आपल्या गावच्या मिस्त्रींना द्या. त्यांना शिकवायला म्हणून नव्हे. त्यांच्या हातात कसब आहेच, फक्त गाडी बदलली आहे. आमचे मिस्त्री आता पान्ना उचलण्याआधी रिले काढून वरच्या खिशात ठेवतात. 'खिशात रिले नसेल तर पाइपाला हात नाही' असा त्यांनी स्वतःलाच नियम घातला आहे.

टोळी यंदा पुन्हा आपल्याच कारखान्याकडे आली आहे. त्या बाईंना उत्तर मी परवा जाऊन सांगितले. त्या म्हणाल्या, "मंग आधीच उतरवायचा की दाब. भाकर तरी वाचली असती."

पुढच्या अंकी नेहमीप्रमाणे लागवडीविषयी.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी,
शेतकी विभाग